गोंगाटाखालची हाक

बपेरा,
तान्हा पोळा झाल्यानंतरचा रविवार

प्रिय दादा,

हे पत्र ड्युटीवर नेऊ नकोस. वरठीच्या तुझ्या खोलीत, जेवण झाल्यावर, पंख्याखाली बसून वाच. हे फोनवरही सांगता आलं असतं, असं तू म्हणशील. पण नदीचं नाव निघालं की तुझी शिफ्टची वेळ होते, हे मला ठाऊक आहे, आणि मी त्यावर रागावत नाही. पत्राचं बरं असतं. मध्येच खाली ठेवलं तरी ते तिथंच थांबतं, पुन्हा उचललं की तिथूनच बोलायला लागतं. याआधी मी हे लिहून फाडलं आहे. पहिल्यांदा फार लवकर मुद्द्यावर आले होते, दुसऱ्यांदा मुद्द्यावर आलेच नाही. आता जसं घडलं तसं, क्रमानं लिहिते. मधलं गाळून शेवट वाचू नकोस, एवढं ऐक.

आधी घरचं. बाबांचा गुडघा पावसाळ्यात धरतो, पण पोळ्याला बैल घेऊन तोरणाखाली तेच उभे राहिले. शेजारच्या पोरांना कासरा धरू दिला नाही. रोवणी वेळेत आटोपली, धान हिरवंगार आहे. बेबीआत्या आहे तशीच आहे. सकाळी उठून तिला कोणाला तरी बोलायला लागतं. माणूस सापडला नाही तर कोंबड्यांना बोलते. तिची रुचिता नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला गेली आणि आता घरातल्या प्रत्येकाची नाडी पाहते. मी पण बरी आहे. तुमसरच्या आमच्या ऑफिसात, म्हणजे त्या एका खोलीत, आम्ही अजून तिघंच आहोत. तिथून मी आठवड्यातले दोन-तीन दिवस गावी असते, कारण माझं यंत्र गावात आहे.

माझं काम नक्की काय, असं तू दर वेळी विचारतोस आणि मी 'रेडिओचं' म्हणून सोडून देते. आज नीट सांगते, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही. नदीच्या वरच्या अंगाला, मध्य प्रदेशाच्या सीमेकडे, जुन्या घाटावर आम्ही एका खांबावर डबा बसवला आहे. तो पाण्याची उंची मोजतो आणि रेडिओच्या लहरींवर आमच्याकडे पाठवतो. त्याची ताकद किती, तर टॉर्चचा बल्बही तेवढ्यात धड पेटणार नाही. इकडे आपल्या प्राथमिक शाळेच्या गच्चीवर ते ऐकणारा रिसीव्हर आहे, आणि पाणी वाढल्याची खबर आली की गावाला सावध करायला मी वाजवायचा भोंगा. मध्ये सगळं रान, सागाची आणि मोहाची झाडं, आणि टेकडीचा वळसा. उघडीप असली की डब्याचं बोलणं स्वच्छ येतं. पण पानं भिजली, आभाळ दाटलं, सोलरची बॅटरी अर्धीच भरली, की ते खरखरीत बुडून जातं. पाण्याची खबर ज्या दिवशी सगळ्यात जास्त हवी, नेमकं त्याच दिवशी ती सगळ्यात अशक्त असते.

तरी ती ऐकता येते. दादा, हे मी कॉलेजात शिकले, परीक्षेत लिहिलं, त्यावर मार्कही मिळवले, पण त्यातलं नवल माझ्या अंगावर यायला हे वर्ष उजाडावं लागलं. मला शाळेत घालण्याआधी तूच मला शिकवलंस. राखेवर अक्षरं, चिंचोक्यांवर बेरीज, आणि पोट उघडं टाकलेला तो ट्रान्झिस्टर. दोन स्टेशनांच्या मधली खरखर लावून तू विचारायचास, यात कोणी बोलतंय का सांग. मी घाबरून हो म्हणायची, मग आणखी घाबरून नाही म्हणायची. तू कधी हसला नाहीस. म्हणायचास, काय ऐकायचं आहे हे आधी ठाऊक असलं तरच खरखरीतून काही ऐकू येतं. आमचा रिसीव्हर तेच करतो. डबा पाण्याचा आकडा सांगण्याआधी एक ठरलेली खूण पाठवतो, चढ-उताराची एक ओळ, दर वेळी तीच. रिसीव्हरकडे त्या ओळीची नक्कल असते. तो ती नक्कल आलेल्या खरखरीवर ठेवतो, किती जुळते पाहतो, केसभर पुढे सरकवतो, पुन्हा पाहतो. न कंटाळता सरकवत राहतो. चुकीच्या जागी चढ-उतार एकमेकांना खातात आणि हाती काही लागत नाही. नेमक्या जागी मात्र सगळं एकाच बाजूला पडतं, आणि सपाट खरखरीतून एकदम सुळका उभा राहतो. म्हणजे समोरचा बोलायला कधी लागला ते कळलं. ते कळलं की मग तो काय म्हणाला ते वाचता येतं.

आणि एकदा पाठवून पुरत नसेल, तर डबा तीच खूण पुन्हा पुन्हा पाठवतो. पाणी चढायला लागलं की अशा खुणांच्या खेपा एकामागून एक सुटतात. एका खेपेतल्या सगळ्या खुणा आपण एकमेकींवर रचायच्या. खरखर कधी वर असते, कधी खाली. रचत गेलं की ती आपली आपणच झिजते. खूण मात्र दर वेळी तीच, म्हणून ती वाढत जाते. एकटी असताना जी दिसत सुद्धा नाही, ती रचल्यावर डोळ्यांसमोर उभी राहते. पहिल्यांदा मी हे खऱ्या नदीवर, खऱ्या पावसात पाहिलं तेव्हा खुर्ची मागे सारून उठून उभी राहिले होते. देवळात शिरल्यावर चप्पल काढली का हे जसं आपण पाहतो, तसं माझं झालं.

आता यातली मेख सांगते. रचायचं तर ते नेमकं एकावर एक आलं पाहिजे. जरा सरकलं की खूण स्वतःलाच खाते. ते नेमकेपण डब्यातल्या घड्याळावर असतं, आणि आमचं घड्याळ स्वस्तातलं. उन्हात तापलं की एका बाजूला सरकतं, गारठलं की दुसऱ्या बाजूला. दुसरी मेख त्याहून वाईट. किती जुळलं की खरं मानायचं, ती रेघ माणसालाच ओढावी लागते. रेघ खाली ठेवली तर निव्वळ खरखरीतूनही कधीतरी सुळका दिसतो आणि खोटा भोंगा वाजतो. वर ठेवली तर खरी खबर खालून निघून जाते. ही रेघ ओढायचं काम माझ्यासारखीकडे आलं, जी घराला कुलूप लावून चौकातून परत येते, लागलं का पाहायला. यंदा जेठात आमचा भोंगा एकदा खोटा वाजला. लोक धावले, परत आले, हसले. पुन्हा ऐन रोवणीत वाजला आणि बांध्यांमधल्या बाया हातातली रोपं टाकून वर आल्या. अर्धा दिवस गेला. ग्रामसभेत सरपंच भोजराजभाऊ माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पोरगी मेहनती हाये, मी नाई म्हणत नाई. पण अजून एक डाव खोटा वाजला तं भोंगा काढून ग्रामपंचायतीत ठेवू. लोक उठतीनच नाई, तं कायले वाजवाचा?" त्यांचं चुकलं नव्हतं. त्या दिवशी मी रेघ वर नेली, आणि तेव्हापासून पाऊस आला की मला जेवण जात नव्हतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीला, आपल्याकडे बैलांना टापूवरचं गवत घालतात. हे तुला मी सांगायला नको. हळद-लोण्यानं खांदे शेकून झाले की त्यांच्यापुढे नदीच्या मधलं कोवळं गवत पडलं पाहिजे, काठावरचं चालत नाही. मधली काही वर्षं बाया गेल्या नव्हत्या. यंदा उघडीप होती, मधली धार घोट्याएवढी होती, आणि भोंगा आहेच आता, असं म्हणून त्या पुन्हा गेल्या. रुचिता हौसेनं त्यांच्यात गेली. भोंगा आहेच आता, हे वाक्य आत्यानं मला सकाळी सहज सांगितलं आणि मी चहा तसाच ठेवून शाळेकडे निघाले.

आपल्याकडे ऊन होतं. वरच्या अंगाला आभाळ काळं होतं. सकाळपासून लाइट नव्हती, मोबाइलचा टॉवरही गेला होता. डब्यावर लक्ष ठेवणारे कवडूकाका, जुन्या घाटाचे नावाडी, बैलांचा साज आणायला सिहोऱ्याच्या बाजाराला गेले होते. शाळेला सुट्टी. मी वर्गात, बाकावर लॅपटॉप ठेवून, एकटी. रिसीव्हर आणि भोंगा बॅटरीवर चालू होते, आणि रिसीव्हरमध्ये खरखरीशिवाय काही नव्हतं. खूण नाही. एकेक नाही, रचूनही नाही. डबा बंद पडला असेल का? की डबा तिकडे ओरडत असेल आणि मीच नीट ऐकत नसेन? घड्याळ किती सरकलं असेल याचा अंदाज घेऊन मी पुन्हा रचलं, थोडं अजून सरकलं असेल म्हणून पुन्हा. सगळे अंदाज मी तापलेल्या डब्याचे घेत होते, कारण उन्हाळाभर तोच त्रास होता, आणि कवडूकाकांना मीच वैतागून सांगितलं होतं की काका, उन्हानं याची वेळ बिघडते.

तेवढ्यात आत्या माझ्यासाठी जेवणाचा डबा घेऊन आली, आणि आली ती बोलतच. तिची धान भरायची कोरी चुंगडी, तागाचं पोतं, कवडूनं मागून नेली होती, परत द्यायचं नाव नाही. मी ऐकत नव्हते. मग ती म्हणाली, "नेली कायले, तं तुह्या डब्ब्याले! म्हणे पोरीनं सांगतलं, उन्हानं बिघडते. वल्ली करून गुंडाळली त्याले, माठावानी. रोज पानी टाकते बुढा त्याच्यावर. माह्या घरच्या माठाले कोणी इतकं पाहत नाई."

दादा, मला हसू आलं. ओली चुंगडी, वर पाऊस, वारा. माझा डबा तिकडे माठासारखा गार पडला होता आणि मी त्याला तापलेल्या बाजूला शोधत होते. मी दुसऱ्या बाजूचे अंदाज घेतले. थोडं गार, आणखी गार. काही नाही, काही नाही. आणि मग सुळका. बारीक, पण उभा.

इथं माझ्या जागी दुसरी कोणी असती तर तिनं भोंगा दाबला असता. मला दाबवला नाही. कारण मला हेही ठाऊक होतं की जितक्या जागी शोधावं, तितक्या जागी काहीतरी सापडतं, आणि घाबरलेल्या माणसाला तर हवं तेच सापडतं. मी इतके अंदाज चाळले होते की त्यातला एखादा निव्वळ खरखरीनंही जुळून गेला असता. मग रुचिता टापूवर आहे म्हणून मी खोटा भोंगा वाजवला असता, भोंगा उतरवला गेला असता, आणि पुढच्या खऱ्या पुराला गाव मुकं राहिलं असतं. म्हणून मी फळ्याजवळ गेले. हा सुळका खरा असेल तर पुढची खेप कधी यायला हवी आणि किती सरकीवर, म्हणजे घड्याळ किती सरकलं असं धरून, जुळायला हवी, ते खडूनं मोठं लिहिलं, म्हणजे मागाहून मला स्वतःला फसवता येणार नाही. आत्याला म्हटलं, हे लक्षात ठेव, मी पुसू लागले तर हात धर. तिला काही कळलं नाही, पण ती फळ्यासमोर पदर खोचून उभी राहिली. आणि आम्ही थांबलो. तिची एकुलती एक पोर टापूवर होती, दादा, आणि मी तिला एका सुळक्यासाठी थांबवून ठेवलं. ते थांबणं बरोबर होतं असं गणित सांगतं. मी गणितावर विश्वास ठेवते, आणि तरीही रात्री उठून ते पुन्हा मांडून पाहते.

तो आला. फळ्यावर लिहिलं होतं तिथं, त्याच क्षणी, त्याच सरकीवर. कित्येक मैल पसरलेल्या भिजल्या रानातून, बल्बही न पेटवणारी एवढीशी ताकद, खरखरीच्या कितीतरी खालून चालत आली, आणि मी सांगितलेल्या जागी येऊन उभी राहिली. तेवढ्या पळात मी टापू विसरले. मला कोणीतरी नावानं हाक मारल्यासारखं वाटलं. मग यंत्रानं आकडा वाचला, पाणी धोक्याच्या खुणेवरून केव्हाच गेलं होतं, आणि मी भोंगा दाबला.

आता ते सांगायचं आहे, ज्याच्याशी फळ्याचा आणि गणिताचा संबंध नाही. भोंगा वाजला तेव्हा टापूवर काय झालं ते रुचितानं मला सांगितलं. एकीनं कमरेवर हात ठेवून म्हटलं, "झाली सुरू खुशबूची पिपाणी." सगळ्या हसल्या आणि पुन्हा गवताला वाकल्या. रुचिताही वाकली. लोक उठणारच नाहीत, असं भोजराजभाऊ म्हणाले होते ना, तसंच. मी इतकं जपून, इतकं तपासून पाठवलेली खबर त्यांच्या कानांवर पडत होती आणि त्यांना ती ऐकू येत नव्हती. त्यांच्या लेखी ती खरखरच होती.

त्या वेळी बाबा बैल धुवायला काठावर होते. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, पाणी अजून तसंच होतं, निवळ. भोंग्याकडे पाहिलं. मग त्यांनी बैलाची दोरी सोडली, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि आपल्या घरची हाक दिली. एक लांब, दोन आखूड, पुन्हा एक लांब, आणि ती थांबून थांबून, तीच पुन्हा. नदीकाठच्या घरांची आपापली हाक असते, हे मी कॉलेजात कोणाला सांगितलं तर त्यांना नवल वाटायचं. पलीकडच्याला आधी हाक द्यायची, त्याचं उत्तर येईपर्यंत तीच देत राहायची, आणि कान लागला हे कळल्यावर मगच काय ते बोलायचं. पहिल्यांदाच निरोप ओरडलास तर निरोप नदी खाते, असं तू मला शिकवलं होतंस. वर्गात फळ्यावर सरांनी ती ठरलेल्या खुणेची ओळ काढली तेव्हा मला हे नवीन काही वाटलं नव्हतं. पण दादा, बाबांनी ती हाक इतक्या वर्षांत दिली नव्हती. तूही दिली नाहीस. त्या सालापासून आपल्या घरातून हाक गेली नाही. रुचितानं मान वर केली आणि म्हणाली, "मामाची हाक हाय." बाकीच्यांचं हसू तिथंच गेलं. भारे टाकून बाया निघाल्या. त्या काठावर चढल्या आणि थोड्याच वेळात वरून तो आवाज आला, जो तुला मी वर्णन करून सांगणार नाही. संध्याकाळी टापूवरच्या गवताचं एक पातंही दिसत नव्हतं.

सगळ्या शाळेच्या व्हरांड्यात आल्या. कोणी रडत होतं, कोणी हसत होतं, आत्या रुचिताला मिठी मारून तिलाच शिव्या देत होती. भोजराजभाऊ आले, फळ्याकडे बराच वेळ पाहत राहिले, आणि पोरांना म्हणाले, हे कोणी पुसायचं नाही. मला तेवढं पुष्कळ होतं. बाबा खांबाला टेकून उभे होते, त्यांचा घसा बसला होता. त्यांच्याकडे पाहून आत्या सहज म्हणून गेली, की बरं झालं बाप्पा, या खेपेला तरी हाक ऐकू आली. आणि सगळ्या बायांनी बाबांकडे पाहिलं. का, ते तुला माहीत आहे. त्या सालीही खांदशेकणीच होती. तू काठावर होतास, वरून फेस येताना तू पाहिलास, तू हाक देत राहिलास, आणि आई आली नाही. जवळच्या बाया पाणी पाहून निघाल्या होत्या. आईबरोबर उंच गवतात होत्या त्या रत्नाबाई भाऱ्याला धरून खालच्या घाटाला लागल्या आणि तापातच त्यांच्या मुलानं, अमरनं, त्यांना लाखनीला नेलं. आणि आईला नदीतून काढून आणल्यावर, सगळ्यांसमोर, बाबा तुला म्हणाले होते, "इतक्या जवळून तुही हाक तिले ऐकू नाई आली?" मी तेव्हा लहान होते, पण ते वाक्य मी ऐकलं आहे. तू दुसऱ्या महिन्यात वरठीला गेलास. त्यानंतर तू मोठ्यानं बोललेला मला आठवत नाही.

दादा, हे पत्र मी यासाठी लिहिते आहे. रत्नाबाई या पोळ्याला कितीतरी वर्षांनी गावी आल्या होत्या. बायांसाठी कोरडी लुगडी घेऊन त्या व्हरांड्यात आल्या होत्या. आत्याचं बोलणं ऐकून त्या म्हणाल्या, "असं काऊन म्हणता वो बाई? त्या सालीबी आली होती ऐकू." आम्ही सगळे त्यांच्याकडे वळलो, तेव्हा त्यांनी आमच्या तोंडांकडे पाहिलं. त्यांना वाटत होतं की हे सगळ्यांना ठाऊक आहे; आपल्या घरात त्या दिवसाचा विषय कोणी काढत नाही, हे त्यांना लाखनीला कसं कळणार. मी माझ्या स्वभावाप्रमाणे लगेच विश्वास ठेवला नाही. आपल्याला हवं तेच आपण ऐकतो, ही भीती मला माणसांच्या बाबतीतही आहे. मी त्यांना एकही शब्द पुरवला नाही. फक्त विचारलं, हाक कशी होती. त्यांनी मांडीवर थाप मारून दाखवली: एक लांब, दोन आखूड, एक लांब. थांबून, पुन्हा तीच. या खेपेला बाबांनी हाक दिली तेव्हा त्या गावाच्या दुसऱ्या टोकाला, अमरच्या सासरी होत्या, म्हणजे ही हाक यंदा त्यांच्या कानावर पडलेलीच नव्हती. मी ते दोघांकडून विचारून घेतलं. पुढचं त्यांचंच बोलणं लिहिते. "तुही माय चंदाबाई उभी राहिली. मले म्हणे, आमच्या कैलाशची हाक हाय, पानी येऊन राहिलं, चाल. मी भारा उचलाले गेली तं माहा हात धरला. धारेत माहा पाय निसटला तं तिनंच मले वाहत्या भाऱ्यावर ढकललं. तुह्या दादाची हाक आली म्हणून मी जिती हावो पोरी, नाईतं आम्ही दोघी वाकलेल्याच राहिलो असतो." मग मी विचारलं, आईनं उत्तर दिलं होतं का. बाबा तिथंच पायरीवर बसले होते. ते उठून गेले नाहीत. रत्नाबाई म्हणाल्या, हो, दोन वेळा, तोंडाशी हात धरून, आपल्याच घरच्या हाकेनं. पण वारा काठाकडून टापूकडे होता. मग बाबा मला म्हणाले, "त्याले लिही. मी चुकीचं बोललो होतो." फोन करू का विचारलं तर मान हलवली. लिही, म्हणाले. तर लिहिते आहे, दादा. तुझी हाक पोचली होती, आणि आईनं तिला उत्तर दिलं होतं. वारा उलटा होता म्हणून ते तुझ्यापर्यंत आलं नाही. ते आज पोचवते आहे.

दोनदा विचारून, तिसऱ्यांदा खात्री करून लिहिणारी,
तुझीच
खुशबू